पावसाळ्याएवढं वजन

आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये खिडकीजवळची टेबलं कायम नोकरीवाल्यांची. पाण्याच्या कूलरजवळचं एक डुगडुगतं टेबल आमचं, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचं. तास घ्यायचे, मस्टरवर सही करायची आणि उन्हाळ्यात घरी बसून पुढच्या जूनमध्ये बोलावतात का याची वाट बघायची. मी तिथे मराठी शिकवते, भाग्यश्री गांगुर्डे भौतिकशास्त्र. मी अंजली. माझ्या जिभेला हाड नाही असं आमचे प्राचार्यसुद्धा म्हणतात, तेव्हा पुढचं सगळं त्या बेतानेच वाचा.

भाग्यश्रीची आणि माझी ओळख मात्र कॉलेजातली नाही. आम्ही दोघी सातपूरच्या एकाच कामगार कॉलनीत वाढलो, एकाच नळावर पाण्यासाठी भांडलो. कॉलनी तिला भागू म्हणते. मीही भागूच म्हणते.

भागूने कृष्णविवराचं वजन केलं आहे. हे मी थट्टेने लिहीत नाही. फार फार लांबच्या एका दीर्घिकेच्या पोटात बसलेल्या कृष्णविवराचं वस्तुमान किती, हा तिच्या पीएच.डी.चा विषय होता. तिने काढलेलं वजन चुकीचं आहे, आणि प्रबंध दाखल करायच्या आधीच तिला ते ठाऊक होतं. कॉलनीत ही गोष्ट ठाऊक असलेले आम्ही चौघंच. इतकी वर्षं गप्प बसले, पण आता पोटात राहत नाही.

आधी आप्पा सांगायला हवेत. आप्पा म्हणजे तिचे वडील, सहादू गांगुर्डे. येवल्याकडच्या खेड्यातून तरुणपणी आले आणि सातपूरच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला लागले. गाड्यांना लागणाऱ्या पोलादी पिना तिथे बनायच्या. पीन गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून बघायची. एका बाजूने गेली पाहिजे, दुसऱ्या बाजूने जाता कामा नये. दुसऱ्या बाजूनेही गेली तर ती बारीक, म्हणजे बाद. बाद मालाला लाल रंग लावायचा, चुकूनही कोणी तो ट्रकमध्ये भरू नये म्हणून.

एकदा अख्खा लॉट बारीक निघाला. ट्रक गेटवर उभा होता. सुपरवायझर म्हणाला, केसाएवढा तर फरक आहे, सोडून दे. आप्पांनी सोडला नाही. ब्रश घेतला आणि एकेका क्रेटवर लाल पट्टा ओढला. थोड्याच दिवसांत त्यांची पॅकिंगला बदली झाली. रिटायर होईपर्यंत ते तिथेच खोक्यांना पट्ट्या मारत राहिले.

ही गोष्ट ऐकली नाही असा माणूस कॉलनीत नव्हता. पाहुणा आला, त्याच्या हातात चहाचा कप गेला की आप्पा सुरू. भागूला बघायला आलेल्या मंडळींनाही त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवली, आणि विमलाबाई, भागूची आई, आतमध्ये भांडी आपटत राहिल्या. आम्हा पोरींना ती तोंडपाठ होती. "मंग मी ब्रश बुडवला," असं म्हणून आप्पा थांबायचे आणि आम्ही मागून एका सुरात ओरडायचो, "डब्यात!" भागू तर घरात करपलेली भाकरी दिसली की तिच्यावर लाल तिखटाचं बोट ओढायची. म्हणायची, "रिजेक्ट." आईचा धपाटा खायची, पण भाकरी ताटात येऊ द्यायची नाही. आप्पांना त्याचं कोण कौतुक!

अशी ती पोर. तिने खोटं मोजमाप गेटबाहेर जाऊ दिलं, हे म्हणूनच मला अजून गिळवत नाही.

कृष्णविवर मोजतात कसं, ते तिने मला त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्यांवर बसून समजावलं होतं. माझ्यासारखीला कळलं, म्हणजे कोणालाही कळेल. कृष्णविवर दिसत नाही. पण काही दीर्घिकांच्या मध्यभागी ते सारखं खात असतं. आजूबाजूचा वायू त्यात ओढला जातो, आणि आत पडता पडता इतका तापतो की त्याच्या झगमगाटापुढे अख्ख्या दीर्घिकेतले तारे फिके पडतात. हा उजेड एकसारखा नसतो, कमीजास्त होत राहतो. त्याच्यापासून काही अंतरावर वायूचे ढग गरागरा फिरत असतात. मधला उजेड वाढला की ढगही उजळतात, पण लगेच नाही. उजेडाला त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो.

"खाली कोणी फटाका वाजवला की कड्यावरून आवाज परत येतो ना," भागू म्हणाली, "तो किती उशिरा आला त्यावरून कडा किती लांब आहे ते कळतं. तसंच हे."

ढग किती लांब ते उशिरावरून कळतं. किती वेगाने फिरतात ते त्यांच्या प्रकाशाच्या रंगपट्टीतली रेघ किती फाकली आहे त्यावरून कळतं. इतक्या लांबून, इतक्या वेगाने फिरणाऱ्या ढगांना धरून ठेवायला मध्ये किती वजन लागेल, एवढंच गणित मग उरतं. एवढंच, म्हणे! मी त्या दिवशी तिच्याकडे बघतच राहिले. आमच्या नळावरची पोर, आणि कुठे हात घालत होती.

खरी मेख त्या उशिरातच होती. तो पकडायचा तर एकाच दीर्घिकेकडे वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा बघावं लागतं. भागू त्यासाठी घाटापलीकडच्या एका डोंगरावरच्या दुर्बिणीवर जायची. ती दुर्बीण पावसाळ्यात बंद. जूनमध्ये घुमट मिटायचा तो दसऱ्याच्या सुमाराला उघडायचा. त्याच्या अलीकडे-पलीकडे ती दीर्घिका सूर्याच्या बाजूला गेलेली असायची, म्हणजे तेव्हाही दिसायची नाही. थोडक्यात, निम्मं वर्ष निरीक्षण आणि निम्मं वर्ष काही नाही. ते निम्मं वर्ष भागू सातपूरला घरी बसून आलेली माहिती चाळत बसायची.

शेवटी उत्तर आलं. तिचे गाईड, ज्यांना ती नुसतं सर म्हणते, खूश झाले. शोधनिबंध छापून आला. एका पेपरात चौकटीत बातमीही आली, आणि आप्पांनी ती कापून देव्हारा असता तर त्यात ठेवली असती. आमच्याकडे देव्हारा नसतो, म्हणून बुद्धाच्या तसबिरीखाली चिकटवली.

त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले होते. भागू लॅपटॉपवर आईला आलेख दाखवत होती. दोन नागमोडी रेघा, एक मधल्या उजेडाची, एक ढगांची. दुसरी रेघ मागे मागे सरकवत न्यायची, आणि ती पहिलीवर जिथे चपखल बसेल तेवढा उशीर.

"साधारण सहा महिने आला, आई."

विमलाबाई वाटाणे सोलत होत्या. "म्हंजे तू डोंगरावरून येऊन परत जाईस्तोवर जेवढे दिस जात्यात, तेवढेच की," त्या म्हणाल्या.

आप्पा हसले. मी हसले. स्वतः विमलाबाईही हसल्या. भागू तेवढी हसली नाही. तिने लॅपटॉप उचलला आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

मग पुढचे कितीतरी दिवस ती कोणाशी धड बोलली नाही. रेघ सहा महिन्यांनी सरकवली की एका रेघेचे ठिपके बरोबर दुसरीच्या मोकळ्या जागेत, पावसाळ्याच्या भोकात पडत होते. जिथे निरीक्षणच नाही तिथे न जुळायला आहे काय? कॉम्प्युटरला वाटलं, वा, काय सुरेख बसलं! खात्रीसाठी तिने एकमेकींशी काही संबंध नसलेल्या खोट्या रेघा तयार केल्या, त्यांना तशीच पावसाळ्याची भोकं पाडली आणि तेच गणित लावलं. उत्तर पुन्हा पुन्हा सहा महिन्यांच्या आसपास यायला लागलं. पोरीने दीर्घिकेच्या पोटातलं अंतर मोजलंच नव्हतं. आमचा पावसाळा मोजला होता.

सर वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, शिव्या घालून मोकळं तरी होता आलं असतं. ते म्हणाले, खंड सगळ्यांच्याच निरीक्षणात असतात. निबंध छापून झालाय, आता मागे घ्यायचा तर माझं, तुझं, संस्थेचं, सगळ्यांचंच हसं. तुझी मुदत संपत आली आहे, फेलोशिप संपलीच आहे. ते प्रकरण काढलंस तर प्रबंधात उरतं काय? त्यांचं तेही खरं होतं. खरं उत्तर हवं तर पाऊस नसलेल्या देशातली दुर्बीण हवी, नाहीतर आणखी काही वर्षं हवीत. भागूकडे दोन्ही नव्हतं. प्रबंध द्यायचा तर खोट्या वजनासकट, नाहीतर पीएच.डी. सोडायची, एवढंच तिच्या हातात राहिलं होतं.

आणि घरात पाटी तयार होती. आप्पांनी जुन्या सोबत्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन, समोर उभं राहून, स्टेनलेस स्टीलवर अक्षरं कोरून घेतली होती. डॉ. भाग्यश्री सहादू गांगुर्डे. वर्तमानपत्रात गुंडाळून ती कपाटावर ठेवलेली होती, आणि भागूला ती दिसलेली नाही असं सगळेच धरून चालले होते.

एका रविवारी सकाळी तिने विषय काढला. मला मुद्दाम बोलावलं होतं, धीर म्हणून. आप्पा दारापाशी खुर्ची टाकून बसले होते. ती त्यांच्या पायाशी उंबऱ्यावर बसली आणि सगळं सांगितलं, अगदी त्यांच्या भाषेत.

"आप्पा, लॉट बाद आहे. काय करू?"

"फरक किती हाय?"

"नक्की नाही सांगता येत. पण वजन तिप्पट-चौपट जास्त धरलं गेलं असेल."

"गाडी गेटवर हाय?"

"हो."

आप्पा थांबले. मला वाटलं, आता ब्रश बुडणार. भागूलाही तेच वाटलं. ती सल्ला मागायला आलीच नव्हती मुळी. तिला ती लाल पट्ट्याची गोष्ट ऐकायची होती, ती ऐकून उठायचं होतं आणि सरांना फोन करून नाही म्हणायचं होतं.

"सोड," आप्पा म्हणाले.

"काय?"

"सोडून दे म्हनलं. मी पट्टा वढला, काय मिळालं मला? जलम पॅकिंगमदी गेला. ज्यानं सोड म्हनलं त्यो मॅनेजर होऊन रिटायर झाला. आन् माझ्या पिना गाडीत बसल्या असत्या, तर कोनाचा तरी जीव गेला असता, म्हनून नाय सोडल्या मी. तुझ्या त्या भोकाचं वजन चुकलं तर कोन मरतंय? कोनची गाडी उलटतीय?"

"पण आप्पा, तुम्हीच तर..."

"मी लय सांगितलं. लोकांनी चहा पिला आन् गेले. एकानं तरी म्हनलं का, सहादू, चल, तुला परत इन्स्पेक्शनला घेतो? रिजेक्ट करनं त्यांना परवडतं, ज्यांच्या मागं कोनी हाय. आपल्या मागं कोन हाय? मी हाय मागं? माझ्याकडं बघ."

विमलाबाई आतून म्हणाल्या, "तिच्या मनानं करू द्या तिला." आप्पांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. उठले, स्टुलावर चढले, कपाटावरून ती पाटी काढली आणि कागदासकट तिच्या मांडीवर ठेवली. मग चपला घालून बाहेर निघून गेले.

मला त्या म्हाताऱ्याचा असा संताप आला की काय सांगू! आयुष्यभर एकच गोष्ट सांगायची, पोरीला त्या गोष्टीवर वाढवायचं, आणि ऐन वेळी म्हणायचं की ती गोष्ट चुकली. मी भागूला म्हटलं, ऐकू नकोस. ती म्हणाली, "अंजे, ते पॅकिंगला गेले तेव्हा मी पहिलीत होते. त्यांनी कधी चेहऱ्यावर दाखवलं नव्हतं गं." आणि रडायला लागली.

तिने लॉट सोडला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. निरीक्षणात एवढे मोठे खंड आहेत, त्यांचा परिणाम तपासला का? भागूने घोटलेलं उत्तर सफाईदार इंग्रजीत दिलं. परीक्षकांनी मान डोलावली आणि सगळे जेवायला गेले. ती मला नंतर म्हणाली की त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला असता तर तिने सांगून टाकलं असतं. आणखी एक प्रश्न कोणी विचारला नाही.

कॉलनीच्या समाजमंदिरात सत्कार झाला. फ्लेक्स लागला, त्यावर भागूचा फोटो, मागे निळी आकाशगंगा, आणि खाली 'सूर्याच्या चाळीस कोटी पट वजन मोजणारी आपली कन्या'. कृष्णविवराचं वजन आमच्या चौकात दोन महिने उन्हात लटकत होतं. शाल झाली, पुष्पगुच्छ झाला. मग आप्पांना माईक दिला. मागच्या रांगेतली सगळी आमच्या वयाची, पोराबाळांची झालेली माणसं, गालातल्या गालात हसत तयार बसली होती. आता म्हातारा म्हणणार 'मंग मी ब्रश बुडवला' आणि आपण म्हणणार 'डब्यात'. आप्पांनी माईक हातात धरला, समोर बघितलं, "जय भीम" म्हणाले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, भरून आलं.

त्यानंतर ती गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही. पाहुणे आले, चहा झाला, आप्पा हवापाण्याचं बोलत बसले. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "आप्पा, ती लाल रंगाची सांगा ना." "कोनची?" म्हणाले. मी चरफडत घरी आले.

आणि जिच्यासाठी सगळं केलं ती नोकरी? भागू किती मुलाखतींना गेली याची गणतीच नको. प्रत्येक ठिकाणी 'तुमचा विषय फार छान आहे हो' म्हणत, आणि निवड आधीच झालेली असे. शेवटी ती माझ्या शेजारी त्या डुगडुगत्या टेबलावर येऊन बसली. ताकही गेलं आणि भांडंही.

कॉलेजात ती पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल्स घेते. तारेची जाडी मोजायची, लोलकाचे झोके मोजायचे. पोरं काय करतात हे सगळ्यांना माहीत आहे. उत्तर आधी बघायचं आणि त्याला जुळतील अशी रीडिंग्ज मागून बनवायची. भागू सह्या करते. गेल्या वर्षी सृष्टी नावाची एक मुलगी रडकुंडीला येऊन स्टाफरूममध्ये आली. "मॅडम, सगळ्यांचं उत्तर जुळतंय, माझंच जुळत नाही. बदलू का?"

"तू खरंच मोजलंस ना?"

"हो मॅडम."

"मग नको बदलूस." एवढं म्हणून भागू उठली आणि बाथरूममध्ये गेली, ती पुढचा तास सुरू झाला तरी बाहेर आली नाही. तो तास मी घेतला. भौतिकशास्त्राच्या वर्गाला मी कविता शिकवली, तक्रार झाली, ते असो.

यंदा बुद्धपौर्णिमेला विमलाबाईंनी मला खिरीला बोलावलं. विहारातून येऊन आम्ही बसलो होतो. आप्पा आता फार थकले आहेत, बोलतातही कमी. भागू मोबाईलवर काहीतरी वाचत होती. वाचून झालं, पुन्हा वर सरकवून पहिल्यापासून वाचलं. मग तिने मोबाईल पालथा ठेवला आणि म्हणाली, "आप्पा, माल परत आला."

आप्पांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. "कुठून?"

"एक गट आहे, त्यांच्या दुर्बिणी जगभर आहेत. इथे पाऊस असला तर तिकडे कोरडं असतं, त्यामुळे त्यांना खंड पडत नाही. त्यांनी माझीच दीर्घिका परत मोजली. खरा उशीर दीड महिन्याचा आहे. वजन माझ्या जेमतेम चौथ्या हिश्शाएवढं."

"आन् तुझं?"

"कोष्टकात दिलंय. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, पावसाळ्याच्या खंडामुळे हे मोजमाप धरलेलं नाही."

"म्हंजे लाल."

"लाल."

"सर काय म्हनले? कोनी बोललं तुला?"

"कोणी नाही, आप्पा. कोणाला पडलंय?" ती हसल्यासारखं करत म्हणाली. "कोणी शिवी दिली असती तरी चाललं असतं."

माझा इतक्या वर्षांचा राग ओठांवर आला होता. आज म्हाताऱ्याला सोडायचं नाही असं ठरवून मी त्यांच्याकडे वळले. ते दाराकडे बघत होते. दार उघडं होतं आणि त्यावर ठोकलेली ती 'डॉ.'ची पाटी आतून दिसत नव्हती, पण बघत तिकडेच होते.

"पट्टा कोनी वढला?" त्यांनी विचारलं.

"निबंधावर पहिलं नाव एका मुलीचं आहे. तिचंही पीएच.डी.चंच काम आहे."

आप्पांनी बराच वेळ मान हलवली, चांगलं काम बघितल्यावर जुना कामगार हलवतो तशी.

"तिनं बापाला इचारलं नसंल," ते म्हणाले.

विमलाबाईंनी खिरीची वाटी आणून आप्पांच्या पुढ्यात ठेवली, आणि ती तशीच गार झाली.